डाव्या सीटचं वजन

५ जानेवारी, रविवार

ही डायरी क्षिप्राने पाठवली. बंगळूरहून, कुरिअरने. कातडी बांधणी, रेशमी खूणदोरी, कागदही बरा. आत चिठ्ठी : ‘आई, मनात येईल ते यात लिहीत जा. मोकळं वाटेल.’ गुणी मुलगी आहे. मी फोन केला की नेमकी मीटिंग असते बिचारीची, पण आईची आठवण ठेवते.

लिहायला कारण आजच मिळालं. सकाळी पोहे खाता खाता जयप्रकाश म्हणाला, "मी रेसमध्ये उतरायचं म्हणतोय."

मला वाटलं घोड्यांच्या. म्हटलं, "या वयात जुगार?"

"गाडीच्या रेसमध्ये. आपली मारुती तयार करायची. हौशी लोकांसाठी असते. मैदानात शंकू मांडून वाट आखतात, एकेका गाडीने जायचं. ज्याला कमी वेळ लागेल तो पहिला."

सदुसष्ट वर्षांचा माणूस! सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला काढली, नळीतल्या पाण्याचा रंग बघत. मी त्याच कंपनीत पर्सोनेलला होते. लग्न झाल्यावर माझं अरे-तुरे सासूबाईंना खटकलं होतं, त्याला नाही खटकलं. त्याला काहीच खटकत नाही. रांगेत कुणी पुढे घुसलं तरी बाजूला सरकून जागा देतो. असा माणूस रेस जिंकणार.

मारुती घेतल्यापासून चालवतो तो आणि डाव्या सीटवर असते मी. मला चालवता येत नाही. शिकायची कधी गरजच पडली नाही. आरसा, सिग्नल, गतिरोधक, मध्येच घुसणारा रिक्षावाला, सगळीकडे मी बघते. त्याने फक्त चाक फिरवायचं. इतक्या वर्षांत गाडीला एक पोचा नाही. श्रेय कुणाचं, ते मी सांगायला नको.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू काय?" असं म्हणून तो पोह्यांवर लिंबू पिळू लागला.

९ जानेवारी, गुरुवार

मागची सीट निघाली. स्टेपनी, जॅक, मागचा बंपर, दारांच्या आतली रेग्झिनची पॅनल्ससुद्धा. ऐरोलीतली अख्खी सोसायटी येता-जाता बघत होती. माळी विचारतो, "साहेब, भंगारात चालली का?" साहेब हसतो.

म्हणे इंजिन लहान आहे, ते काही मोठं होणार नाही. म्हणून गाडी हलकी करायची. जे जे लागत नाही ते काढून टाकायचं. "वजन हाच शत्रू," जयप्रकाश म्हणाला. असं वाक्य तो घरात बोलत नाही. कुठेतरी ऐकलेलं असणार.

वजनाबद्दल मला सांगू नये कुणी. कंपनीत माझ्या शब्दाला वजन होतं. युनियनचे लोक माझ्या केबिनमध्ये शिरताना शर्टाची बटणं लावायचे. आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले की सेक्रेटरी मोबाइल बघतो.

डॅशबोर्डवरचा गणपती मात्र ठेवलाय. देवाला वजन नसावं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. देवाला नैवेद्य दाखवून जयप्रकाशच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हटलं, "तिळगूळ घे, गोड बोल." त्याने वाटीतला एक लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "घे."

पुढचं अर्धं राहिलंच. मी थांबले थोडा वेळ. त्याला गॅरेजमध्ये जायची घाई होती.

१९ जानेवारी, रविवार

म्हटलं, हे गॅरेज एकदा बघून तरी यावं. न सांगता गेले. महाप्याला एमआयडीसीत, बंद पडलेल्या छापखान्याच्या शेडमध्ये. मालक प्रितेश, कोपरखैरणे गावातला, गळ्यात कुत्र्याला बांधता येईल एवढी साखळी. त्याची बहीण दिशा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची मारुती पळवते. दोघांनी स्वागत बरं केलं.

"या या काकू! जेपी सरांनी सांगितलाच नाय तुमी येनार म्हनून."

जेपी सर! उभ्या जन्मात कुणी त्याला जेपी म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "जेपी सरांना मीच सांगितलं नव्हतं."

प्रितेशने गाडी चालू केली. "ऐका सर. मक्खन!"

जयप्रकाशने मान तिरकी केली. "मक्खन नाही. दुसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय. बारीक टिक टिक."

मी चकित झाले. घरात या माणसाला ‘जेवायला चल’ हे तीनदा सांगावं लागतं. वाशीच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की कान वयाच्या मानाने ठीक आहेत. मी तेव्हाच ओळखलं की डॉक्टरला काही कळत नाही. काही आवाजांच्या पट्ट्याच ऐकू येत नसतील. टॅपेटची पट्टी वेगळी असेल.

मग प्रितेशने आतलं कार्पेट ओढून काढलं. उजवीकडचं सगळं धड होतं. डाव्या बाजूला, माझा पाय असतो तिथे, कार्पेटला भोक होतं. खालचा रंग उडून पत्रा चकचकीत झालेला आणि मध्ये टाचेएवढा खळगा.

प्रितेश वाकून बघत राहिला. "आयला! काकू, हितं पन ब्रेक होता काय?"

"दादा, गप रे," दिशा म्हणाली आणि तोंड फिरवून हसली.

जयप्रकाशही हसला. टपावर दोन्ही हात टेकून, वाकून, आवाज करून हसला. चष्मा काढून डोळे पुसले. मी त्याला असं हसताना कधी पाहिलं होतं ते आठवेना. मी पाठ ताठ केली. आमच्या शाळेतल्या सिस्टर आग्नेस म्हणायच्या, पाठ ताठ ठेवणारी मुलगी जगात कुठेही बसू शकते.

"त्या ब्रेकमुळेच तुमचे जेपी सर आज इथे उभे आहेत," मी म्हटलं.

"खरंय काकू," प्रितेश म्हणाला. "कार त्याच्यामुलंच उभी र्‍हायली आसंल."

यावर पुन्हा हसले. हसू ओसरल्यावर जयप्रकाश प्रितेशला म्हणाला, "बाकीचं नंतर. आधी तेवढं बुजव. पत्रा मारून टाक."

गंज चढू नये म्हणून असणार.

२३ जानेवारी, गुरुवार

दिशा घरी आली. डब्यात पोपटी, कालच शेतात मडकं लावलं होतं म्हणाली. भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास, वालाच्या शेंगा, अंडी. चव छान होती. तिच्यासमोर तसं म्हटलं नाही, मीठ जरा जास्त आहे एवढंच म्हटलं. रविवारच्या हसण्याबद्दल तिला वाईट वाटलं असावं.

तिने एक गोष्ट सांगितली. या शंकूंच्या शर्यतीशिवाय दुसरी एक असते, रस्त्यावरची. तिच्यात सुसाट सुटायचं नसतं. ठरलेल्या वेळेला ठरलेल्या ठिकाणी पोचायचं असतं. गाडीत दोघं लागतात. डाव्या सीटवर नॅव्हिगेटर. कागद बघून ड्रायव्हरला सांगत राहायचं, कुठे वळ, किती हळू हो, कुठे थांब.

"काकू, मनापासून सांगते, तुमच्यासारखा नॅव्हिगेटर नाय मिलनार. आवाज कसला खनखनीत हाय तुमचा! जेपी सरांना बोला ना."

ती गेल्यावर मी बराच वेळ डबा घासत बसले. म्हणजे मी आयुष्यभर जे केलं त्याला नाव आहे. जगात कुठेतरी त्यासाठी सीट राखून ठेवलेली असते आणि तिथे बसणाऱ्याला ड्रायव्हरबरोबर बक्षीस देतात.

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीतलं झेंडावंदन उरकून वर आलो तेव्हा त्याला सांगितलं. "शंकूंची झाली की पुढची रस्त्याची शर्यत आपण दोघं मिळून करू. मी नॅव्हिगेटर. आणि तोवर तुझा सराव असेल तेव्हा मी शेजारी बसेन. दिशा म्हणाली, सरावाला चालतं."

तो बूट काढत होता. म्हणाला, "बघू."

तो ‘नाही’ म्हणाला नाही, हे महत्त्वाचं. संध्याकाळी एकटीच वाशीला जाऊन पांढरे कॅनव्हासचे बूट आणले, रबरी तळाचे, पकड बसणारे. दुकानदाराने विचारलं, "मॉर्निंग वॉकसाठी का आजी?" मी म्हटलं, "नाही. मोटार रेसिंगसाठी."

२८ जानेवारी, मंगळवार

क्षिप्राला फोन केला, आनंदाने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, बाबांना एखादी गोष्ट एकट्याने करू दे ना."

"एकट्याने करायला ती काय आंघोळ आहे?"

"तसं नाही गं. डायरी लिहितेस ना?"

"लिहिते."

"लिही. खूप लिही," असं म्हणून ती मीटिंगला गेली. तिला गाड्यांमधलं काही कळत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर प्रितेश आणि जयप्रकाश, मध्ये सीट. डावी सीट. निळं कव्हर, डोकं टेकतं तिथे मी शिवलेला टॉवेलचा तुकडा तसाच.

"गॅलरीत ठेव," जयप्रकाश त्याला म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मला कुणी काही सांगेना, म्हणून प्रितेशलाच विचारलं. तो घाम पुसत म्हणाला, "कसा हाय काकू, गाडी उलटली तर डोका वाचला पायजे म्हनून आत पाइपांचा पिंजरा टाकला. त्याच्यानं वजन वाडला. मग दुसरा कायतरी कमी करायला पायजे ना."

"मग सीटच का?"

त्याने जयप्रकाशकडे पाहिलं. तो फ्रिजमधली बाटली काढायला गेला होता. "मी बोललो सरांना, र्‍हाऊ द्या, नियमात चालते. दिशाच्या गाडीत पन हाय. सर बोलले, काढ."

प्रितेश गेल्यावर मी जयप्रकाशला विचारलं, "सीटचं एवढं वजन होतं?"

"बरंच होतं," तो म्हणाला.

"सीटचं की माझं?"

त्याला ऐकू आलं नसावं. पाणी प्यायला आणि वर्तमानपत्र उघडून बसला.

प्रितेशचं ज्ञान अर्धवट आहे. चालू इंजिनला मक्खन म्हणणारा माणूस. जयप्रकाशने नियम नीट वाचले असणार, आणि दिशाच्या गाडीची तयारीच कच्ची असणार. शास्त्रीय कारण असेल. बुटांचा खोका कपाटावर ठेवून दिला.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल आणि आज मी मुद्दाम बोलले नाही. बघू म्हटलं, कधी लक्षात येतं. चहा दिला, जेवायला वाढलं, एक शब्द नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या काही लक्षात आलं नाही. उलट भांडी पुसताना शीळ घालत होता.

कधी कधी वाटतं, मी फार बोलते का? पण या घरात मी बोलले नसते तर क्षिप्रा इंजिनिअर झाली असती का, फ्लॅट झाला असता का? न बोलणाऱ्यांचं कौतुक करायला जगात बोलणारंच कुणीतरी लागतं.

सीट गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली आहे. वरून पाणी ठिबकतं. प्लास्टिक टाकून ठेवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या शर्यत. वाटेचा नकाशा मोबाइलवर आला. मी दोनदा पाहिला आणि पाठ झाला : सरळ, दोन शंकूंमधून नागमोडी, टोकाच्या लाल पिंपाला वळसा, परत येताना कुंपणाजवळ डावीकडे, मग शेवटची रेघ. मी म्हटलं, "ये, तुझ्याकडून म्हणून घेते." तो म्हणाला, "मला कळलंय." मी म्हटलं, "कुंपणाजवळ चुकशील." तो झोपायला गेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचं कुठून सुरू करावं कळत नाही. तरी क्रमाने लिहिते.

जयप्रकाश पहाटेच मारुती घेऊन गेला. गाडीत आता एकच सीट, त्यामुळे मी टॅक्सी केली. नवे बूट घातले. पनवेलच्या पुढे एका बिल्डरचा सपाट करून ठेवलेला प्लॉट आहे, तिथे शर्यत. वाटेत टॅक्सीवाल्याला तीन वेळा सांगावं लागलं की डावीकडची लेन घे. म्हणाला, "मॅडम, मॅप बोल रहा है ना." मी म्हटलं, "मॅपला पाय नाहीत. ब्रेक कोण मारणार?"

मैदानात धूळ, तंबू, पाण्याचा टँकर, सगळी पोरंसोरं. त्यांच्यात पांढऱ्या केसांचा एकच माणूस, आणि सगळे त्याच्याभोवती. "जेपी सर, ऑल द बेस्ट." "जेपी सर, टायरला हवा किती?" तो बोलत होता. हातवारे करून, मोठ्यांदा. मी जवळ गेले तेव्हा बोलणं थांबलं. "आलीस?" म्हणाला. मी म्हटलं, "शर्ट आत खोच." त्याने खोचला.

मी कुंपणाशी अगदी पुढे उभी राहिले, जिथे तो चुकणार हे मला माहीत होतं. दिशा माझ्याबरोबर होती. झेंडा पडला, मारुती सुटली. एवढीशी गाडी, पण आवाज केवढा! खरं सांगते, मी टाळ्या वाजवल्या. नागमोडी सुरेख काढली. लाल पिंपाला वळसा घातला. मग थेट आमच्याकडे तोंड करून सरळ कुंपणाकडे येऊ लागला, आणि मला काचेतून त्याचा चेहरा दिसला. त्यालाही मी दिसले असणार, कारण क्षणभर गाडी अडखळली.

मी डावा हात पूर्ण बाहेर काढला आणि ओरडले, "डावीकडे! डावीकडे!" याहून स्पष्ट कुणी काय सांगणार?

आणि हा माणूस उजवीकडे वळला. शंकू उडवले, तिसऱ्याच वाटेला लागला, झेंडेवाले धावत सुटले. फेरी बाद.

"पाहिलंस?" मी दिशाला म्हटलं. "हात करून दाखवला तरी!"

"काकू, ते समोरून येत होते ना..." ती म्हणाली, आणि मग थांबली. "जाऊ द्या. अजून एक फेरी हाय."

दुसऱ्या फेरीआधी त्याला समजवायला निघाले तर त्याने हेल्मेट घातलेलं. मी काच ठोठावली. त्याने हेल्मेटवर कानाच्या जागी बोट ठेवून मान हलवली. ऐकू येत नाही. मग दिशाला बोलावून काचेच्या फटीतून काहीतरी सांगितलं. ती परत आली ती माझा दंड धरून. "चला काकू, ऊन हाय. तिकडं टँकरच्या मागं सावली हाय, सरबत पिऊ."

"तिथून काही दिसत नाही."

"थोडाच वेळ. चला ना. प्लीज."

चक्कर यायला लागलीच होती, म्हणून गेले. टँकरच्या मागे बसून कोकम सरबत प्यायले आणि मारुतीचा आवाज ऐकला. मोठा झाला, लहान झाला, जवळ आला, पुढे गेला. मग टाळ्या. एकही शंकू न पडता फेरी पूर्ण. शेवटून दुसरा आला. काल रात्री मी सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलं असणार. चूक केल्यावरच माणूस शिकतो.

तो गाडीतून उतरला तेव्हा घामाने चिंब होता. मी रुमाल दिला आणि विचारलं, "पहिल्या फेरीत मी ओरडत होते ते ऐकू आलं की नाही?"

"नाही," तो म्हणाला. चेहरा असा होता की मला ओळख पटायला क्षण लागला. क्षिप्रा झाली तेव्हा दवाखान्याबाहेरच्या बूथवरून गावी फोन करताना असा दिसत होता. "आत काहीच ऐकू येत नाही, गीतांजली. काहीच नाही."

मी म्हटलं, "धोक्याचं आहे ते."

त्याने मान डोलावली आणि पोरांकडे गेला. मी टॅक्सीने परत आले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

क्षिप्राने त्याचा फोटो स्टेटसला ठेवलाय. पिंजऱ्याच्या आत हेल्मेट घालून बसलेला. खाली लिहिलंय : ‘अखेर!’

अखेर म्हणजे काय? फोन केला. मीटिंग होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

तो आता दर रविवारी जाणार. पुढच्या शर्यतीची तयारी. काल रात्री जेवताना मी म्हटलं, "रस्त्याच्या शर्यतीसाठी सीट परत बसवावी लागेल ना?" तो म्हणाला, "ती शर्यत मी नाही करत." आणि ताटात हात धुतले.

सीट कपड्यांखालून ओढली, कठड्याशी आणली. प्लास्टिक काढून पुसली. शेवटी गॅलरीत खुर्ची नव्हतीच, आणि फेकायला ती काही खराब झालेली नाही. कॉफी घेऊन बसले. पाठीचा आकार अजून नेमका बसतो. बूट घातले होते. उगाच पडून राहिले तर रबर कडक होतं.

खाली तो आला. वर न बघता गाडीत शिरला, पट्टे आवळले, हेल्मेट घातलं. गॅरेजपर्यंत जायला हेल्मेट कशाला? मारुती गुरगुरत गेटकडे निघाली. नेमका बाहेरच्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर मागे मागे येत होता, शिटी न वाजवता. वॉचमनचं लक्ष नाही. हेल्मेटमधून त्याला टँकर दिसत होता की नाही कोण जाणे.

"ब्रेक!" मी म्हटलं आणि पाय दाबला. सवय. खाली फरशी आहे.

मारुती थांबली. गेटच्या अगदी रेघेवर, नीट. टँकर समोरून निघून गेला.

बघा. थांबला की नाही?

मी पाय उचलला नव्हता, तरी गाडी निघून गेली.